नमुना पातळ कुणी केला?

उजमा : दहापट पातळ? मला न विचारता नमुना दहापट पातळ केलास?

भीमाशंकर : मॅडम, गोळीची ताकद मोजताना आपण तेवढाच घेतो की. तीच गोळी, तीच मशीन...

उजमा : आणि अक्कल गहाण! अरे बाबा, औषध किती आहे ते मोजायला पातळ चालतं. इथं आपण त्यातली घाण शोधून राहिलोय. घागरभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकून चव बघतोस का?

भीमाशंकर : पण घट्ट घेतला की आलेखातलं औषधाचं टोक, ते पीक, लई उंच जातंय. आलेख कसातरीच दिसतोय.

उजमा : आलेखाला काय नवरदेव करायचाय? ठरल्यापेक्षा घट्ट केला तर मोठं पीक फुगतं आणि शेजारच्या बारक्याला गिळतं. पातळ केला तर ते बारकं आलेखाच्या तळाच्या खरखरीत रेघेत बुडतं. गिळूही नये, बुडूही नये, असा मधला आकडा शोधायला मी आख्खा पावसाळा घातला. एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. लॅबमधल्या शेंबड्या पोराला विचार, तोही सांगेल.

भीमाशंकर : चुकलं, मॅडम. सवयीनं झालं.

उजमा : सवयीनं? झूट नको बोलू. आधी तू ठरल्याएवढा घट्टच केला होतास. ती कुपी ट्रेमध्येच राहिली, मी आत्ता मशीनवर चालवून आले. मोठ्या पीकच्या मागं एक बारकं पीक आहे, चांगलं डोकं वर काढून. तुला दिसलं होतं. बोल की!

भीमाशंकर : दिसलं हुतं.

उजमा : मग?

भीमाशंकर : ते कशाचं हाय तेच मला कळंना. आपल्याला ठाव असलेल्या घाणीत तसलं कुठलंच न्हाई. लातूरला क्लासमधी आम्हाला हेच घोकवलं, येत न्हाई त्या प्रश्नाला हात लावायचा न्हाई. चुकलं तर मार्क कटतेत. सोडलं तर काई कटत न्हाई.

उजमा : म्हणून प्रश्नच पुसून टाकलास! वा रे टॉपर! ही फिटची गोळी आहे, भीमाशंकर. लेकरं रोज खाणार, वर्षानुवर्षं. तू सोडलेल्या प्रश्नाचे मार्क त्यांचे कटतील.

भीमाशंकर : एवढंसं तर हाय, मॅडम. एवढ्याशानं काय हुतंय?

उजमा : हे तू म्हणतोस? किल्लारीकडचा तू?

भीमाशंकर : गावाला मधी आणू नका.

उजमा : आणणार! भूकंपाच्या आदल्या वर्षी जमीन गुरगुरत होती, तेव्हाही लोक हेच म्हणाले ना? एवढ्याशानं काय होतंय?

भीमाशंकर : तुम्ही नांदेडात हुता! तुम्हाला काय ठाव? माझा बाप म्हणला हुता, घरात झोपू नका. आम्ही अंगणात झोपायचो. सगळी आळी हसायची. मग आई कंटाळली, म्हणली, पुरे झाला तमाशा, चला आत. अन् बाप गप बसला. त्याला कळत हुतं, मॅडम! कळत असून गप बसला! लई राग येतो मला त्याचा. अन् भांडावं म्हणलं तर भूकंपानं त्यो बी ठेवला न्हाई.

(एरवी उजमाची जीभ म्हणजे सुटलेलं वासरू, पण आता तिलाच आपली लाज वाटते. टेबलावरचा फोन वाजू लागतो.)

उजमा : गावाचं बोलायला नको होतं मी. माफ कर.

भीमाशंकर : फोन वाजून राहिलाय.

उजमा : संगप्पा मालक असतील. गोळ्यांची गाडी भरून उभी आहे, रिपोर्टसाठी अडलीय. त्या पीकचं नाव कळेपर्यंत माल हलणार नाही, असं सांगते. ओरडतील, ओरडू दे. तुझं नाव घेत नाही मी. नोकरीत अजून कायम व्हायचायस तू.

भीमाशंकर : द्या इकडं.

उजमा : अरे, पण...

भीमाशंकर : द्या, मॅडम. हॅलो... मालक, भीमाशंकर बोलून राहिलो, लॅबमधून. गाडी सोडू नका... न्हाई, मॅडमनी न्हाई सांगितलं. मला दिसलंय.