अभ्यासिकेतले स्पीकर

लालबागला मसाला कुटायच्या रांगेत प्रमिलाताईंच्या मागे दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या.

"अभ्यासिकेला अजून कुलूप?"

"आत मंडळाचे स्पीकर ठेवलेत. गणपती जाऊन सात महिने झाले!"

"मग तू वाचतेस कुठे?"

"जिन्यात. येणारा-जाणारा विचारतो, घरी भांडलीस का गं?"

"मंडळाच्या सेक्रेटरींना सांग ना."

"तीनदा गेले ऑफिसात. म्हणतात, परीक्षा झाली ना तुझी, आता कसला अभ्यास? मी म्हटलं, काका, परीक्षा संपली, माझं वाचायचं नाही संपलं. तर हसले. हसले गं!"

प्रमिलाताईंनी मिरचीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"जाऊ दे ना, प्रिती. मोबाइलवर वाच."

"का जाऊ दे? बाहेर पाटी अभ्यासिकेची आणि आत स्पीकर! ते बसणार आहेत का परीक्षेला?"

"चावी कुणाकडे असते?"

"त्यांच्याच घरी, म्हणे."

"ताई, तुमचा नंबर," गिरणीवाला म्हणाला.

"राहू दे, संध्याकाळी येते," प्रमिलाताई म्हणाल्या आणि मुलींकडे वळल्या. "ते हसणारे काका म्हणजे आमचे हे. चावी आमच्या देवघरापाशी खिळ्याला आहे. चला दोघी. स्पीकर उचलून त्यांच्याच पलंगावर ठेवायचेत."