अर्धी वाट

मारित : आणि पाणी नकोच असेल तर?

मास्तर : तरी घ्यायचं. नुसते ओठ लावलेस तरी चालेल. पाणी नाकारलंस, तर सेरवा आजी पुढचं काही विचारणारच नाहीत. मग लिही वहीत, 'आल्या पावली परत.'

मारित : माझ्या वहीत काय आहे ते तुम्हाला काय माहीत?

मास्तर : तीन आठवडे माझ्याच ओसरीवर बसून लिहितेस. वाच की थोडं. आजींची अंघोळ व्हायची आहे अजून.

मारित : 'घाना. पहिला दिवस. टपाल कचेरीतला कारकून डबा खात होता. मला म्हणाला, या जेवायला. मी बसले आणि जेवले.'

मास्तर : सगळा डबा?

मारित : निम्मा. तो काही बोलला नाही.

मास्तर : बोलेल कसा? त्यानंच बोलावलं होतं. 'तुमचं चालू द्या' म्हणायचं आणि पुढं जायचं, एवढंच असतं ते. नॉर्वेतली माणसं बोलावलं की जेवतात वाटतं?

मारित : नॉर्वेत बोलावतच नाहीत. पुढचं ऐका. 'पायरीवर ठेच लागली. रस्त्यापलीकडच्या केळीवालीनं माझी माफी मागितली. तिचा काय संबंध?'

मास्तर : ठेच लागली ना? मग कुणीतरी वाईट वाटून घ्यायला नको? ती जवळ होती, तिनं घेतलं. ते पान दुमडलेलं का आहे?

मारित : ते बाबांचं आहे.

मास्तर : वाच.

मारित : 'पाहुण्यानं उठण्याआधी घरच्यांकडे वाट मागायची. घरचे अर्धीच देतात. उरलेली अर्धी घ्यायला त्यानं परत यायचं.' हे बाबांनी सांगितलेलं. स्वतः मात्र मागितली नाही, असंही सांगायचे.

मास्तर : ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मी त्यांच्या वर्गात होतो. सकाळी आलो तर फळ्यावर कालचं गणित अर्धवट, आणि आर्ने सर नाहीत. तीन वर्षं आजींच्या घरी राहिले, त्यांच्या हातचं जेवले, आणि एका पहाटे न सांगता गेले. एक्कावन्न वर्षं झाली. आजींनी पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही.

मारित : म्हणून तर मी तीन आठवडे गप्प राहिले. उद्या कुमासीची बस आहे. बाबांना वाट द्यायला त्या नाही म्हणाल्या तर?

मास्तर : तर नाही ऐकून जाशील. आता लक्ष दे. आत गेल्यावर उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांना हात द्यायचा. डावा हात मागं. त्यांनी विचारल्याशिवाय कशाला आलो ते बोलायचं नाही. आणि त्यांच्याशी बोलायचं नाही, माझ्याशी बोलायचं. मी त्यांना सांगेन.

मारित : त्या समोर बसलेल्या असताना?

मास्तर : समोर बसलेल्या असताना. तुझ्या बोलण्यात खडे असतील तर ते माझ्यापाशी राहतात. चल, हाक आली.

(सेरवा आजींचं अंगण. पाणी पिऊन झालं आहे.)

सेरवा आजी : इकडं सगळं ठीक आहे. क्वामे, विचार तिला, काय घेऊन आलीय.

मास्तर : आजी विचारतात, कशासाठी येणं केलंस?

मारित : वाईट काही नाही. आजी, तुमच्या घरी...

मास्तर : माझ्याकडं बघ.

मारित : मास्तर, आजींना सांगा, आर्ने सर माझे वडील. फेब्रुवारीत वारले.

मास्तर : आजी, ही आर्ने सरांची लेक. सर आता नाहीत.

सेरवा आजी : लेक आहे ते नाकावरूनच कळलं होतं, आली त्या दिवशी. म्हटलं, बोलेल तेव्हा बोलेल. दुसरं... ते नव्हतं ठाऊक. पुढं विचार.

मारित : ही त्यांच्या खोलीची किल्ली. खिशात राहून गेली होती.

मास्तर : उजव्या हातानं, पोरी.

सेरवा आजी : कुलूप महिन्याभरातच तोडलं. कोंबड्या ठेवल्या त्या खोलीत. त्या दिवशी संध्याकाळी मी चौघांपुरता कंदांचा फुफू कुटला होता, हेही सांग तिला. तिघांनी खाल्ला.

मारित : त्यांना सांगा, बाबांची आई आजारी होती. तार आली होती. परत येता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. वाट मागितली असती तर अर्धी मिळाली असती, आणि उरलेलीसाठी येईन असं खोटं सांगावं लागलं असतं. ते त्यांना जमेना. म्हणून पहाटेची लॉरी पकडली.

मास्तर : आजी, ही म्हणते...

सेरवा आजी : राहू दे, क्वामे. ऐकू आलं मला. शनिवारी जन्मलेल्या पोरीला आम्ही आमा म्हणतो. आमा, शनिवारचीच ना गं तू?

मारित : हो.

सेरवा आजी : मी काय देणार ते त्यानंच ठरवून टाकलं. मास्तर लोकांना उत्तर आधीच ठाऊक असतं. आईकडं निघालेल्याला मी अडवलं असतं?

मारित : शेवटी शेवटी ते वाट मागत होते. तुमच्या भाषेत. दवाखान्यातल्या नर्सकडं.

सेरवा आजी : तिनं काय दिलं?

मारित : तिला कळलं नाही. तिनं पाणी दिलं.

सेरवा आजी : बरं केलं. क्वामे, आता तू बोल, हे रीतीनं व्हायला हवं. सांग तिला, तिच्या बापाला वाट दिली. सगळी.

मास्तर : आजींनी सरांना वाट दिली, मारित. सगळी.

मारित : मास्तर, आजींना सांगा... सांगा की उद्या माझी बस आहे. मीही वाट मागते.

मास्तर : आजी, ही वाट मागते.

सेरवा आजी : हिला अर्धी.