शालिनीनं पुढं सरकवलेलं तबक

पाळकसाहेब, मंडळी, सगळ्यांना सलाम. उन्हाचं आलात. मला बोलायला सांगितलंय, कारण या मंडळीतला सगळ्यात जुना वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा पंच, मीच. खरं सांगू का, बोलायची ताकद नाही. चार दिवसांपूर्वी आपण शालिनीला माती दिली. तेव्हापासून मी नुसता थकलोय. दुःख आहेच. पण लाज जास्त आहे.

शालिनी आपल्या संडे स्कूलची बाई. तुमच्यातल्या निम्म्यांकडून दहा आज्ञा तिनंच पाठ करून घेतल्या. नऊ वर्षांपूर्वी तिचा विलासपासून घटस्फोट झाला आणि आपण वडीलमंडळानं तिचं प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर-द्राक्षारस घेणं, बंद केलं. ठरावावर पहिली सही माझी.

त्याआधी तिच्या घरी मीच गेलो होतो. म्हणलं, "बाई, शास्त्रात एक वाट आहे. विलासनं दुसरी बाई ठेवली होती, एवढं लिहून दे. मग तुला कुणी काही म्हणणार नाय." ती चहा गाळत होती. म्हणाली, "काका, दुसरी बाई नव्हती. खोटं लिहून प्रभूची भाकर खाऊ का?" मी म्हणलं, मग खरं कारण सांग. म्हणाली, "ते माझं एकटीचं नाही." बास. पुन्हा त्यावर बोलली नाही.

ते खरं कारण काल विलासनं स्वतः मला सांगितलं. सभेत सांगा म्हणाला, म्हणून सांगतो. त्याचं मन पुरुषाकडं आहे, पहिल्यापासून. तेव्हाच्या पाळकांना त्यानं सांगितलंही होतं. ते म्हणाले, लग्न कर, प्रार्थना कर, जाईल. गेलं नाही. दोघं झुरत राहिले. शेवटी शालिनीच म्हणाली, आता सुटू आपण दोघं.

घटस्फोट पाप, पुरुषानं पुरुषावर जीव लावणं पाप, हे मी याच जागेवरून शिकवलं. आणि खोटं लिहून दे म्हणलो, ते पाप नव्हतं व्हय?

महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं तबक घेऊन मीच फिरायचो. ती दोन्ही हातांनी घ्यायची आणि शेजारणीकडं द्यायची. स्वतः त्यातला तुकडा उचलायची नाही. नऊ वर्षं. एकदा मी विचारलं, मग येतेस कशाला? म्हणाली, "काका, तुमचा ठराव बाकापर्यंत पोचतो. आत नाही पोचत. आत माझं आणि प्रभूचं बरं चाललंय." मला राग आला. वाटलं, लई शहाणी झाली ही.

तिच्या आजारपणात पुंडलिकनगरहून रोज डबा कोण आणायचं? विलास आणि त्याचा जोडीदार. आपण काय पाठवलं? प्रार्थनेची चिठ्ठी.

शास्त्र चुकलं का, हे मला विचारू नका. तेवढी माझी अक्कल नाही. पण ते वाचणारे आपण चुकलो, हे मला कळलंय. जे तिला सांगायला पाहिजे होतं, ते तुम्हाला सांगत बसलोय.

विलास मागं दाराशी उभा आहे. इथं पुढच्या बाकावर घरच्यांची जागा रिकामी आहे. विलास, ये बाबा. जोडीदारालाही घेऊन ये. मंडळी, हे दोघं इथं येऊन बसेपर्यंत आपण उभं राहू. कुणी काही बोलू नका. आणि ते आले नाहीत, तरी लगेच बसू नका.