उजेडात किती सांगितलेलं असतं

काकू : आज नको सांगूस त्यांना. आत्ताच कुठे ऑपरेशन झालंय. अंगात जरा ताकद येऊ दे.

विद्यार्थिनी : काकू, सर विचारतीलच. त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही.

काकू : खोटं कुठे बोलायला सांगतेय? काम चालू आहे म्हण, आणि हे सूप घेऊन चल.

विद्यार्थिनी : जो तारा जास्त ऊर्जा फेकतो, त्याच्या प्रकाशात माहितीही जास्त. हयातभर सरांनी हेच मांडलं. आणि माझ्या मोजणीत नेमकं तेच टिकत नाहीये.

काकू : मला तारे कळत नाहीत गं. हा माणूस कळतो. लग्न झाल्यापासून हेच ऐकत आलेय मी.

(आतल्या खोलीत. सर पलंगावर पडलेले.)

सर : संपली कुजबुज? काय निघालं मग?

विद्यार्थिनी : काम चालू आहे, सर.

सर : हे माझ्या बायकोचं वाक्य झालं. तुझं सांग.

काकू : अहो, सूप गार होतंय.

सर : होऊ दे. बोल गं.

विद्यार्थिनी : सर, तो सगळ्यात तेजस्वी तारा… ऊर्जा नुसती ओततोय. पण प्रकाश एकसुरी. आत्ताचा पाहिला की पुढचा ओळखता येतो. नवीन काही सांगतच नाही.

सर : आणि तो मंद?

विद्यार्थिनी : जेमतेम दिसतो. पण त्याचा चढउतार पुन्हा तसाच कधी येत नाही. माहिती त्याच्यातच जास्त निघाली.

सर : दुर्बिणीत काही गडबड?

विद्यार्थिनी : असावी असंच वाटत होतं मला. दुसऱ्या दुर्बिणीनंही तेच दाखवलं.

सर : म्हणजे ऊर्जेवरून माहितीचा अंदाज बांधता येत नाही.

विद्यार्थिनी : नाही येत, सर.

सर : म्हणजे मी इतकी वर्षं…

काकू : पुरे आता. डोळे मिटून पडा बघू.

सर : अगं, ही रडतेय बघ. वेडी कुठली! तारे काय मला विचारून चमकतात?

विद्यार्थिनी : तुमच्यामुळे मी या विषयात आले, सर. आणि मीच हे…

सर : मग कोणी करायचं? परक्यानं केलं असतं तर जास्त लागलं असतं.

काकू : म्हणजे लागलंय.

सर : लागलंय तर. ती उशी दे पाठीला.

काकू : डॉक्टरांनी उठून बसू नका म्हटलंय.

सर : आडवं पडून आलेख वाचता येत नाही.

काकू : थांबा, मी धरते. हं, सावकाश. टेका आता.

सर : दाखव तो मंद तारा. पहिल्यापासून.

काकू : तू जरा अशी सरकून बस बाळ. मलाही दिसू दे.