भोपळे बोळाची शांतता

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. जी वस्तू कुणाच्याच नावावर नाही, ती गेली तर तिच्यासाठी रडायचं कुणी?

घर गेलं, मालक रडतो. दागिना गेला, मालकीण रडते. पण जिचा उतारा नाही, जिला कुलूप नाही, अशी वस्तू हरवली तर? तक्रार लिहायची कुणाच्या नावानं? हसू नका! विचार करा. आणि विचार करता करता जरा पुढं सरका, मागं बायका उभ्या आहेत.

तर चला माझ्याबरोबर मिरजेला. आजच्या नव्हे हं! माझे केस काळे होते, त्या मिरजेला. तिथं एक बोळ होता. भोपळे बोळ. दोन्ही अंगांना एका माडीची कौलारू घरं, एकाची भिंत तीच दुसऱ्याची भिंत. आणि कौलांवर भोपळे! तंबोऱ्याचे मोठाले भोपळे वाळत ठेवलेले. संध्याकाळचं ऊन पडलं की वाटायचं, आज आकाशात एक चंद्र पुरला नाही म्हणून इथं पंचवीस आणून ठेवलेत.

त्या बोळात मौलाचाचा राहायचे. तंबोरे करायचे. आता तंबोरा करणं म्हणजे काय? भोपळा कापला, दांडी जोडली, तारा ओढल्या, झाला? नाही झाला! तारा ज्या घोडीवरून जातात ना, ती घोडी कानशीनं घासायची. जरा घासायची, तार छेडायची, ऐकायचं. केसाएवढं जास्त घासलं तर गेली! आणि बरोबर जमलं की तार उघडते. एका सुरातून दुसरा सूर धुरासारखा वर येतो. याला म्हणतात जवारी. ती डोळ्यांनी दिसत नाही. ती कानानं काढायची. आणि कानाला लागते शांतता!

मग चाचा काय करायचे? दाराच्या खिळ्याला एक लाल फडकं टांगायचे. बस! लाल दिसलं की बोळ गप्प. खलबत्त्यातला हात थांबला. पोरं चपला हातात घेऊन चालली. भाजीवाली नुसती टोपली दाखवत पुढं गेली. अहो, भांडणं थांबायची! एकदा दोघी नळावर अशा जुंपल्या होत्या — आणि फडकं लागलं. दोघी तशाच कमरेवर हात ठेवून उभ्या, तोंडं मिटलेली! तासाभरानं फडकं निघालं. एक म्हणाली, "काय गं म्हणत होतो आपण?" दुसरी म्हणाली, "मेलं, आठवंना!"

सांगा आता, ही शांतता कुणाच्या नावावर होती?

चाचांच्या भिंतीला भिंत लागून गौराक्का आवटी. लग्न होऊन आली ती याच घरात. दुपारी भिंतीला पाठ लावून बसायची, आणि पलीकडून उघडलेला सूर भिंतीतून झिरपत तिच्या पाठीत यायचा. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण तार उघडली की तिला कळायचं — अंगणात कुणीतरी आपलं माणूस येऊन उभं राहिल्यासारखं.

वर्षं गेली. कौलं गळायला लागली. वरच्या खणांत पाणी चढेना. आणि गौराक्काचे मालक, मल्लूअण्णा, अर्धांगवायूनं माडीवर पडले. जिना कसला? शिडीच ती! तीन वर्षं त्या माणसाचा पाय जमिनीला लागला नाही. खिडकीतून खाली बघायचे आणि म्हणायचे, "गौरे, बोळ अजून आहे ना गं?"

अशात बिल्डर आला. गोड माणूस! पाया पडायचा, चहा बशीत ओतून प्यायचा. म्हणाला, दहा घरं पाडू, सात मजले उठवू, लिफ्ट देऊ. लिफ्ट! गौराक्काच्या कानात तेवढा एकच शब्द राहिला. आणि मंडळी, तिला नावं ठेवू नका. जुनं किती सुंदर म्हणून आपण इथं माना डोलावतो. पण नवऱ्याला पाठुंगळीवर घेऊन कोण उतरवणार होतं? तुम्ही की मी?

नऊ घरांनी सह्या केल्या. राहिले चाचा.

गौराक्का गेली त्यांच्या उंबऱ्यात. चाचा भोपळ्यावर हात फिरवत बसले होते.

"अक्का, सहीचं बोलायला आलीस."

"आले. लपवून काय करू? तुमचे अण्णा वर कुजायला लागलेत, चाचा."

चाचांचा हात भोपळ्यावर थांबला. मग म्हणाले, "घराचं मला काही नाही गं. घरं मी लाकडाची बघितलीत, लाकूड मरतं. पण तिथं जवारी निघेल का?"

"निघेल! आपलीच तर माणसं असणार. तुम्ही फडकं टांगा, मी सगळे मजले गप्प करते. माझा शब्द!"

"शब्द?"

"शब्द!"

चाचांनी सही केली. कशावर केली? तुम्ही म्हणाल कागदावर. चूक! तिच्या शब्दावर केली!

मग यंत्र आलं. एका आठवड्यात दहा घरं आडवी. जिथं सूर झिरपायचा ती भिंत पडताना गौराक्कानं बघितली. धूळ उठली, पिवळी, मऊ — आणि त्या धुळीत तिला क्षणभर वाटलं, सगळं उभं आहे. कौलं, भोपळे, चपला हातात घेतलेली पोरं. धूळ बसली. मोकळं रान!

दोन वर्षांत इमारत उभी. नाव काय ठेवलं असेल? 'सप्तसूर'! सात मजले म्हणून सप्तसूर! देवा, हसावं की रडावं?

खरं सांगते, चांगलं झालं, तेही बघा. मल्लूअण्णा खुर्चीतून लिफ्टनं खाली आले. पाय जमिनीला टेकवले आणि लहान मुलासारखे घासत बसले. गौराक्कानं पदर डोळ्यांना लावला. ते सुख खोटं नव्हतं.

पण चौथ्या मजल्यावर चाचांनी फडकं टांगलं, ते बघणार कोण? बोळाला डोळे होते. इथं दारं बंद! वर मिक्सर, खाली गाड्यांचे भोंगे, मधे लिफ्टमधली बाई — "कृपया दरवाजा बंद करा"! अहो, ती तर कुणाचं ऐकतच नाही! वर सेक्रेटरी येऊन सांगून गेला, "चाचा, सामाईक जागेत कापडं टांगायची नाहीत. नियम आहे."

गौराक्का सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिली. दुपारी दोन तास शांतता हवी म्हणाली. सेक्रेटरी म्हणाला, "आजी, हे कुठल्या नियमात बसतं?" लोक हसले. ती बसली.

चाचांनी कानस डब्यात घातली. तंबोरे बनायचे, पण मुके. जवारी दुसरीकडून काढून घ्या, म्हणायचे. आणि गौराक्काला? एक शब्द बोलले नाहीत! उलट जिन्यात भेटले की विचारायचे, "अक्का, अण्णांना आज ऊन दाखवलं का?" अहो, शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं! दिलेला शब्द घशात अडकलेला घेऊन ती म्हातारी दोन वर्षं जेवली.

आता ऐका गंमत. दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या एका मुलीनं एके दुपारी लाल साडी धुतली आणि बाहेरच्या कठड्यावर वाळत घातली. तिला काय ठाऊक!

समोरच्या गॅलरीत बोळातली जुनी सुंद्राक्का शेंगदाण्याची चटणी कुटत होती. नजर गेली, लाल दिसलं — हात वरच्यावर थांबला! तिनं आत सुनेला दटावलं, "गप्प! फडकं लागलंय!" खालच्या मजल्यावरच्या जनाबाईंनी टीव्ही बंद केला. पार्किंगमध्ये मल्लूअण्णांनी खोकला गिळला! आणि गौराक्काचा हात मिक्सरच्या बटणावरून आपोआप मागं आला.

नऊ घरं गप्प! कशासाठी? एका वाळत घातलेल्या साडीसाठी! ही चूक भोपळे बोळाशिवाय जगात कुणी केली असती का?

गौराक्का बाहेर आली. बघते तो वाऱ्यावर लाल पदर हलतोय, आणि सगळ्या इमारतीवर ती जुनी दुपार उतरलेली. आधी हसली. मग तिला कळलं काय झालंय — आणि म्हातारी जिन्यानं धावली! लिफ्टमधली बाई बोलेल म्हणून जिन्यानं! दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले!

"चाचा! उठा!"

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही! ऐका."

"काय ऐकू? काहीच तर नाही."

"तेच ऐका!"

चाचा उठून बसले. मान कलती केली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. डबा उघडला. कानस काढली. घासलं, छेडलं, ऐकलं. घासलं, छेडलं. आणि मंडळी... तार उघडली. ती सिमेंटची खोली पाण्यात सोडलेल्या दिव्यासारखी डोलायला लागली. गौराक्का भिंतीला पाठ लावून बसली होती. नवी भिंत, थंड. तरी सूर आला.

आणि वरून — घर्रर्र! कुणीतरी भिंतीला भोक पाडायला घेतलं!

चाचांनी कानस खाली ठेवली.

"चाचा," ती खालमानेनं म्हणाली, "मी शब्द पाळला नाही."

चाचांनी चारही तारा छेडल्या. एक बोलली, तीन नुसत्या वाजल्या.

"पाव पाळलास, अक्का."

पाव! बाई उठली. पण या वेळी सेक्रेटरीकडे गेली नाही. वरच्या मजल्यावर गेली आणि दार वाजवलं. नवं जोडपं, हातात ड्रिल. तिनं नियम सांगितला नाही, भांडली नाही. त्या पोरीचा हात धरला. "बाळ, दोन मिनिटं खाली ये. एक दाखवायचंय."

चाचांनी तिच्यासमोर तारा छेडल्या. पोरगी ऐकत राहिली.

"अय्या! ही एक कुठल्या कुठं जातेय. बाकीच्या जागच्या जागीच."

"त्यांना शांतता मिळाली नाही ना," गौराक्का म्हणाली.

"किती वेळ लागतो, आजोबा?"

"तू देशील तेवढा, बेटा."

पोरगी वर गेली. ड्रिल पुन्हा वाजलं नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारही तारा उघडल्या. आणि त्यानंतर गौराक्का दर बुधवारी दुपारी मजलोमजली दारं वाजवत फिरायची. काही जण ऐकायचे, काही नाही. सगळी शांतता परत आली असं मी म्हणणार नाही. बोळ गेला तो गेला. कौलांवरचे चंद्र मला स्वप्नातच दिसतात आता.

मग रडायचं कुणी? अहो, जी वस्तू कुणाच्याच नावावर नव्हती, ती सगळ्यांनी मिळून धरलेली होती! एकानं हात सोडला की ती तेवढी खाली येते. म्हणून रडत बसायचं नाही. आपला हात कुठं सुटला, तेवढं बघायचं.

आता तुमचं सांगा. या मंडपाला खेटून नवी इमारत उठली आहे. दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकी सकाळपासून बंद आहे. आत कोण राहतं? आजारी आहे? पोर अभ्यासाला बसलंय? बाळंतीण निजली आहे? एवढे आपण इथं बसलोय — माहीत आहे कुणाला?

नाही ना? टाळकऱ्यांनो, थांबा. टाळ मांडीवर ठेवा. गजर होईल, देव कुठं जात नाही. आधी तुमच्यातलं कुणीतरी एक उठा, वर जा, आणि दार वाजवून विचारून या. तोवर आम्ही गप्प बसतो.