तुळशीचं कडं

कुपवाडच्या वर्कशॉपात स्कूटरची वाट बघत बसलेल्या क्रांतीला समोर एक जुनी मिनीबस दिसली. खिडक्यांना पडदे, आत शेगडी आणि मागं बांधलेली तुळशीची कुंडी. कुंडीची दोरी एका जागी झिजून दोन धाग्यांवर आली होती.

"सुभेदार, कुंडीसाठी गाडीला लोखंडी कडं जोडू का?" वेल्डरनं गाडीच्या मालकाला, एका निवृत्त फौजीला विचारलं.

"नको रं. नवी दोरी बांध. दिवाळीला कोरेगावला घरी जायचं हाय, तवा कुंडी उतरवायची."

"कुठली दिवाळी, ते इचार त्यास्नी," त्यांची बायको म्हणाली. "दोन तर गाडीतच झाल्या."

"अंजना, डोंगरावर झाडं लावायला म्हैन्यासाठी आल्तो आपण."

"आन् आता कुंडलच्या पोरास्नी भरतीसाठी पळवताय. फुकटात."

"तुला न्हाई व्हय दर रविवारी नवा डोंगर बघायचा?"

"बघायचाच हाय. पर आवं, पुतण्याचं लगीन झालं, कोरेगावचं घर मागतोय ऱ्हायला. त्याला किती दिवस 'बघू' म्हणायचं?"

सुभेदारांनी दोरी ओढून पाहिली. ती हातातच आली.

"कडं जोड, गड्या. पक्कं वेल्डिंग मार. आन् अंजना, पुतण्याला फोन लाव. म्हणावं, ये ऱ्हायला. आमी काय आता परत येत न्हाई."