भिंतीवरची कवळी

...आणि वर मलाच म्हणतात, "बाबा, नीट आठवून बघा ना!" अहो, काय आठवून बघू? कवळी म्हणजे काय पाठ केलेली कविता आहे, आठवली की तोंडात यायला? तुम्हाला सांगतो, मी काही विसरलो नव्हतो!

झालं काय, माझ्या कवळ्या दोन. जुनी ढिली झाली म्हणून नवी करून घेतली. नव्या कवळीत पुढच्या दोन दातांत मुद्दाम फट ठेवून घेतली. दातांचा डॉक्टर म्हणतो, "आजोबा, लोक फट बुजवायला येतात!" म्हटलं, "लोकांची बुजव बाबा, मला शिट्टी वाजवायचीय." खरे दात होते तेव्हा त्यांच्यात फट होती ना! कोपऱ्यावर उभं राहून एक शिट्टी घातली की न्हाव्याच्या दुकानातली आमची पत्त्यांची टोळी बाहेर यायची... हातात पत्ते तसेच!

तर दोन्ही कवळ्या दोन वाट्यांत, बेसिनवरच्या फळीवर शेजारी शेजारी. आमच्या सूनबाई चित्रकार. चित्रकार म्हणजे, काढत काही नाही, चिकटवते. मिश्र माध्यम म्हणतात त्याला. घरातलं बटण तुटू दे, घड्याळ बंद पडू दे, हिचे डोळे चमकलेच! एक दिवस म्हणाली, "बाबा, तुमची जुनी कवळी मला द्याल? प्रदर्शनासाठी." म्हटलं, "ने की, तिलाही जरा बाहेर हिंडव."

दुसऱ्या दिवशी उरलेली कवळी तोंडात घातली आणि कपाळाला हात लावला. जुनीच! डुगडुगतेय, शिट्टी वाजवायला गेलो तर नुसती थुंकी. मी ओरडलो, "अगं, नवी नेलीस तू!" तर आमचे चिरंजीव, शांतपणे, डोक्यावरून हात फिरवल्यासारखा आवाज काढून, "बाबा, तोंडात आहे तीच नवी. विसरताय तुम्ही." फट कुठाय मग? "फट नव्हतीच हो बाबा!" डॉक्टरला विचारावं, तर तो नेमका दवाखान्याला कुलूप लावून लेकीकडे गेलेला. तोंडात बघा म्हटलं, तर म्हाताऱ्याच्या तोंडात बघतो कोण?

आता यात थोडा दोष माझ्या लौकिकाचाही आहे म्हणा. मागं एकदा पाहुणे उठेनात म्हणून मी मेल्याचं सोंग घेतलं होतं. पाहुणे गेले, पण तेव्हापासून घरात माझं खरंही कुणी खरं मानत नाही. मग काय, बाबा विसरायला लागले! माझ्याकडची दाराची किल्ली काढून घेतली. एकट्यानं बाहेर जायचं नाही, म्हणजे पत्ते बंद, न्हावी बंद. मी खिडकीत, हातात मऊ भाताची वाटी. मी काही विसरलो नव्हतो हो!

आणि आलं प्रदर्शन. दोन कलाकारांचं. अर्ध्या दालनात सूनबाई, अर्ध्यात तिच्याबरोबरचा दुसरा कलाकार, मी त्याला तारवाला म्हणतो. गंजक्या तारेत त्यानं जुने शर्ट गुंडाळलेले. मी विचारलं, "इस्त्रीला कधी जाणार?" तो गंभीरपणे म्हणतो, "काका, ही देहाची अनुपस्थिती आहे." म्हटलं, "असू दे, पण कॉलर मळलीय." हसला बिचारा. गुणी आहे पोरगा.

सूनबाईच्या भिंतीपाशी गेलो आणि जागच्या जागी थिजलो. लाकडी चौकट, आत राख, लाल दोरे, बंद घड्याळाची चाकं, वरून ते रेझिन... मधासारखं ओततात, काचेसारखं गोठतं. आणि मधोमध, माझ्याकडे बघून हसत, माझी कवळी! फटीसकट! खाली नाव, 'विसरलेलं हसू'. बघा म्हणजे! विसरलं कोण, आणि नाव कुणाचं!

एक मोठ्या चष्म्याच्या बाई शेजारी उभ्या राहून उसासा टाकतात, "ती फट... सगळं आयुष्य त्या फटीत आहे!"

सूनबाई सांगतेय, "हो ना, झिजून झिजून पडलेली फट. तिच्यावरूनच तर काम सुचलं."

मी म्हटलं, "झिजून कुठली? सांगून करून घेतलीय!" चिरंजीव धावले, "बाबा, इथं नको हं." सगळे हसले. मग मी काय केलं, तोंडातली काढली आणि सूनबाईच्या तळहातावर ठेवली. डाव्या बाजूचा कोपरा उडालेला. नवी यायच्या आधीच अक्रोड फोडताना उडाला होता, आणि तो तुकडा टेबलाखाली वाकून शोधला होता कुणी? हिनंच! तिनं हातातल्या कवळीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि पोरीचा चेहरा असा उतरला...

"बाबा," हळूच म्हणाली, "तुम्ही विसरला नव्हता."

आणि नेमक्या त्याच घडीला चष्मेवाल्या बाईंनी चौकटीखाली लाल टिकली लावायला सांगितली. म्हणजे विकलं! पोरीचं पहिलं प्रदर्शन, पहिली टिकली. वर्षभर रेझिनच्या वासात खोकत बसलेली मी बघितलीय तिला. बाई विचारतात, "हे आजोबा काय म्हणत होते?"

सूनबाई खरं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोळक्यानं हसलो. "काही नाही हो बाई, गंमत केली. ती जुनीच. मी हल्ली विसरतो."

रात्री जेवताना किल्ली माझ्या ताटाशेजारी होती. चिरंजीवांनी मान वर केली नाही. पुढं डॉक्टर परतला, त्यानं नवी कवळी करून दिली, फटही दिली, पण शिट्टीत तो सूर नाही. न्हाव्याच्या दुकानातून कुणी बाहेर येत नाही, आत जाऊन हाका माराव्या लागतात. खरी शिट्टी त्या बाईंच्या दिवाणखान्यात टांगलीय. परवा भेटायला गेलो होतो. बाई म्हणाल्या, "आजोबा, बघा हवं तेवढं, पण हात लावू नका. आणि पुढच्या वेळी फोन करून या हं... विसरू नका!"